पेटीतला ओरिजिनल माल

उज्जैनच्या माधव नगरात डबीरांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड. पाटी नव्हती. फियाटवाल्यांना पत्ता ठाऊक असे आणि बाकीच्यांना श्रीधर डबीर स्वतःच परत पाठवीत. त्यांच्या पूर्वजांनी दोनशे वर्षांपूर्वी दरबारात पत्रं लिहिली होती, वडील शिक्षण खात्यात हेडक्लार्क होते. श्रीधर इंटरला दोनदा नापास झाले आणि फ्रीगंजातल्या एका वर्कशॉपात चिकटले. घराण्यात लेखणी सोडून पाना धरणारे ते पहिलेच. लग्न ठरवताना मुलीकडच्यांना ‘मुलगा इंजिनिअरिंगमध्ये आहे’ एवढंच सांगितलं गेलं. वासंतीबाईंना खरं कळलं ते लग्नानंतर, नवऱ्याची नखं पाहून.

“काळे हात आमच्या बाबांचेही असतात,” त्या म्हणाल्या. “त्यांची शाई, तुमचं ग्रीस. धुऊन जेवायला बसा म्हणजे झालं.”

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवपासून उज्जैनच्या रस्त्यांवर नव्या मोटारी दिसू लागल्या. त्यांचे मालक गाडी बिघडली की कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनात जात. शेडसमोरच्या फियाट कमी होत गेल्या. त्याहून डबीरांना खुपे ते दुसरंच. फियाटचे मूळ भाग बाजारातून नाहीसे झाले होते आणि त्यांच्या जागी तसल्याच डब्यांत, तसल्याच छाप्याचा डुप्लिकेट माल आला होता. डबीर बुश हातात घेत, नख रुतवत, वास घेत आणि दुकानदाराकडे परत सरकवत. बुश म्हणजे लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून मधे बसवलेलं रबर. रस्त्याचा धक्का आधी तेच खातं.

त्यांची स्वतःची तजवीज मात्र झालेली होती. शहाऐंशी साली इंदूरचा एक डीलर दुकान बंद करत असताना त्यांनी आपल्या गाडीपुरता पूर्ण संच उचलला होता. पुढची चाकं धरणाऱ्या आर्मचे बुश, मागच्या कमानींचे बुश, धक्के जिरवणारे चार शॉकर. सगळं सीलबंद. त्या मालाची लोखंडी पेटी शेडच्या कोपऱ्यात बारा वर्षं होती. दसऱ्याला पान्यांबरोबर तिलाही हळदकुंकू वाहिलं जाई. पेटी उघडत, पण पाकिटं कधी फोडली नाहीत. सील फुटलं की माल ओरिजिनल आहे याला पुरावा काय, असं ते म्हणत.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत वासंतीबाईंची पाठदुखी निघाली आणि महिनाभरात तिचं नाव कळलं. कॅन्सर मणक्यात उतरला होता. इंदूरला रेडिएशन घ्यायचं ठरलं, पंचवीस दिवस, शनिवार-रविवार सोडून रोज. डॉक्टरांनी बजावलं, रोज नेणार असाल तर धक्के बसू देऊ नका, मणका नाजूक झालाय. उज्जैन ते इंदूर पंचावन्न किलोमीटर. तो रस्ता तेव्हा कसा होता हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. डबीरांची फियाट चौऱ्याहत्तरची होती. गावभरच्या गाड्या नीट करताना ती मागे पडली होती आणि खड्ड्यात गेली की भांड्यांच्या पिशवीसारखी वाजे.

रेडिएशन सुरू व्हायला बारा दिवस अवकाश होता. वासंतीबाईंचा धाकटा भाऊ रमेश बँकेत अधिकारी होता. त्यानं त्याच वर्षी मारुती घेतली होती.

“जिजाजी, माझी गाडी घ्या ना. मी रजा टाकतो.”

“तुझी गाडी हलकी रे. डबा आहे डबा. खड्ड्यात उडते.”

“आणि तुमची?”

“माझी मी नीट करतो. कंपनीचा माल टाकतो. बघच तू, पाण्यावरून गेल्यासारखी जाईल.”

“बारा वर्षांचा माल? फ्रीगंजात नवे मिळतात की बुश.”

“नवे नाहीत, नकली.”

रमेश हसला. “अक्का, हे गाडी दुरुस्त करतायत की देव्हारा?”

पलंगावरून वासंतीबाई म्हणाल्या, “करू दे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासाठी गाडी खोलतायत.”

तरीही डबीर एकदा फ्रीगंजात गेले. पार्टवाल्या सेठनं डबा पुढे टाकला. “भिया, येही चल रा हे अब. सब टैक्सीवाले येही डाल रिये. रबर ताजा हे.”

“ताजी तो सब्जी होती हे, सेठ,” डबीर म्हणाले आणि परत आले.

नऊ दिवस ते शेडमध्ये होते. मागच्या कमानी उतरवून एकेक पट्टा घासला, ग्रीस लावलं. जुने बुश दाबयंत्रानं बाहेर काढले, त्यांचं अक्षरशः पीठ झालं होतं. मग हात साबणानं धुतले आणि पेटी उघडली. पाकिटातलं रबर पांढऱ्या भुकटीत होतं, काळं, गुळगुळीत. नेहमीची सवय म्हणून नख रुतवलं. फारसं रुतलं नाही. ओरिजिनल रबर घट्टच असतं, असं ते स्वतःशी म्हणाले आणि बसवायला घेतलं. गाडी जॅकवर लोंबकळत असताना बुशाचे बोल्ट कधी आवळायचे नाहीत, चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन आलं की मगच, नाहीतर रबर पिळलं जातं. हा नियम त्यांनी उभ्या आयुष्यात मोडला नव्हता. तेव्हाही मोडला नाही. कामात चूक नव्हती.

सोमवारी सकाळी निघाले. मागच्या सीटवर गादी, वासंतीबाई आडव्या. नानाखेड्यापर्यंत रस्ता बरा होता. पुढे पहिल्या खड्ड्यात पुढून कट् असा आवाज आला. नवं आहे, बसेल, असं डबीरांना वाटलं.

“लागलं का?”

“नाही हो. छान आहे.”

वाटेतल्या सांवेरपर्यंत त्यांनी हे चारदा विचारलं आणि चारदा हेच उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी आवाज वाढला. चौथ्या दिवशी मागच्या एका शॉकरमधून तेल गळताना दिसलं. शनिवारी त्यांनी सगळे बोल्ट पुन्हा तपासले. सगळं जागच्या जागी होतं. ते गाडी आणखी हळू चालवू लागले. जायला दोन तास लागत ते अडीच लागायला लागले, म्हणजे वासंतीबाईंचा अर्धा तास वाढला. रोज इंदूरला पोचल्यावर त्या काही वेळ उठत नसत. डोळे मिटून म्हणत, “जरा थांबा, येते.” त्यांच्या खालच्या ओठावर दातांची खूण पडलेली असे.

आठव्या दिवशी घरी आल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. डबीर पाणी घेऊन आले.

“अहो, रागावणार नसाल तर सांगते.”

“सांग.”

“उद्या रमेशला बोलवाल का?”

डबीरांनी पाणी ठेवलं आणि शेजारी जाऊन फोन केला.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या मागच्या सीटवर बायकोचं डोकं मांडीवर घेऊन ते बसले. रमेश चालवत होता. खड्डे तेच होते, गाडी खाली बसे आणि उठे. परतताना सांवेरच्या अलीकडे वासंतीबाईंना झोप लागली. थेट घरापर्यंत. रमेशनं आरशातून पाहिलं. आधीच्या आठ दिवसांत त्या एकदाही झोपल्या नव्हत्या, हे डबीरांच्या ध्यानात तेव्हा आलं.

रविवारी त्यांनी गाडी खोलली. वरून काळेभोर दिसणारे बुश आतून तडकले होते. एक चिमटीत दाबला तर बांगडीसारखा तुटला. पत्र्याच्या शेडमध्ये माळव्याचे बारा उन्हाळे त्या पेटीनं काढले होते. रबर सीलबंद असलं तरी म्हातारं होतं, हे डबीरांना ठाऊक नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकाच्या गाडीत त्यांनी असला माल टाकला नसता. सोमवारी दुकान उघडताच ते फ्रीगंजात गेले आणि सेठकडून डुप्लिकेट बुश आणि नवे शॉकर घेऊन आले.

तीन दिवसांत गाडी तयार झाली. देवास रोडवर त्यांनी मुद्दाम खड्ड्यांतून घातली. आवाज नाही, धक्का नाही. गेल्या वीस वर्षांत ती इतकी मऊ चालली नव्हती. शुक्रवारी सकाळी त्यांनी ती दारात लावली, मागे नवी गादी आणि उशी ठेवली आणि आत आले.

“आता ठीक झालीय. मी पाहून आलो.”

वासंतीबाईंनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. “झालीच असेल. तुम्ही केलीत ना.”

“मग आज?”

“मला तिची भीती वाटते हो. दार उघडलं की पाठ आधीच आखडते. तुमचा दोष नाही.”

“नुसतं चौकापर्यंत.”

“नको ना.”

पंचविसातले उरलेले दिवस रमेशच्या गाडीतूनच पुरे झाले. श्रावणात त्या गेल्या, घरीच. फियाटमध्ये पुन्हा बसल्या नाहीत. पण त्या शुक्रवारी डबीरांनी एवढंच केलं. बाहेर रमेशचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी फियाटचं मागचं दार उघडलं, उशी काढली, झटकली आणि मारुतीत नेऊन ठेवली. मग बायकोला उचलायला आत गेले.