पित्त झालं की पित्त उठलं?

ती तक्रार मला आजही जवळजवळ शब्दशः आठवते. ‘समारंभातील जेवणातून विषबाधा होऊन रहिवाशांना पित्ताचा त्रास झाला, संबंधितांवर कारवाई व्हावी.’ कर्वेनगरमधील एका गृहसंस्थेचे सचिव सकाळीच आमच्या पोलीस ठाण्यात आले होते. अर्जाला त्यांनी रुग्णालयाच्या संगणकीय नोंदींच्या प्रती जोडल्या होत्या. प्रत्येक प्रतीवर तक्रारीच्या रकान्यात एकच शब्द होता : पित्त. त्याखाली वर्ग छापलेला : पोटाचे विकार.

संस्थेच्या बागेत आदल्या दिवशी दुपारी वर्धापनदिनाचे जेवण झाले होते. ते पुरवणाऱ्या वारज्यातील बाईंना सगळे मावशी म्हणत. अन्नाचे नमुने प्रयोगशाळेकडे रवाना झाले आणि अहवाल येईपर्यंत स्वयंपाकघर बंद ठेवण्याची लेखी सूचना मावशींना मिळाली. दिवाळी तोंडावर होती. फराळाचे दिवस हातचे गेले असते, तर त्यांच्याकडे काम करणाऱ्या बायकांचा मोठा हंगाम बुडाला असता. आणि विषबाधेचा शिक्का बसलेल्या स्वयंपाकघराकडे पुढे कोण फिरकणार?

मावशींना जबाबासाठी बोलावले. काही लपवायचे असेल तर माणूस उत्तरे आखूड देतो. मावशी थांबवूनही थांबत नव्हत्या. तेल कुठले, पाणी कुठले, भाजी कधी चिरली, सगळे सांगून झाल्यावर म्हणाल्या, “उरलेलं आम्ही घरी नेलं, साहेब. माझ्या सासूबाई दोनदा वाढून घेऊन जेवल्या. त्यांना काही झालं असतं, तर तुमची गरजच पडली नसती. त्यांनीच मला फासावर चढवलं असतं.”

मग सचिवांना विचारले, “त्रास नेमका काय झाला?”

“पित्त.”

“म्हणजे उलट्या? जळजळ?”

“अहो, पित्त म्हणजे पित्त. आपण मराठीच ना?”

पोलिसांना खबर बहुधा चहाच्या टपरीवरून मिळते. ही खबर संगणकासमोरून आली. त्या रुग्णालयाच्या शहरात बऱ्याच शाखा होत्या. सर्व शाखांच्या नोंदी एकत्र करून, कोणता आजार कुठे वाढतो आहे याचा अभ्यास करणाऱ्या एक डॉक्टर तिथे होत्या. आमची चौकशी कानावर गेल्यावर त्यांनी स्वतः फोन केला.

“तुमच्या विषबाधेत एक गंमत आहे,” त्या म्हणाल्या. “नोंद पोटाच्या विकाराची, आणि औषधं खाजेची. पोट बिघडलं म्हणून अंगाला मलम कोण लावतं?”

भेटीला गेलो तेव्हा त्यांनी उलगडा केला. नोंदणी खिडकीवर रुग्ण सांगतो, “पित्त उठलंय.” म्हणजे अंगावर गांधी आल्या आहेत. दुसरा सांगतो, “पित्त झालंय.” त्याचे पोट ढवळते आहे. खिडकीवर बसलेला मनुष्य दोघांसाठी संगणकात ‘पित्त’ हाच पर्याय निवडतो आणि संगणक दोघांनाही पोटाच्या विकारांत टाकतो. आत डॉक्टर रुग्णाला पाहून योग्य औषध देतात. बाहेर छापला जातो तो खिडकीवरचा शब्द.

“जेवणानेही गांधी येऊ शकतात,” मी म्हणालो.

“येतात. पण हडपसरच्या एका भागातही याच दिवसांत अशाच नोंदी वाढल्या आहेत. मावशी तिथे जेवण देतात?”

मावशींनी हडपसरमध्ये कधीच काम घेतलेले नव्हते. मी त्या रुग्णांची नावे मागितली.

“नावं माझ्याकडेही नाहीत. अभ्यासाला नोंदी येतात त्या नाव-पत्ता काढूनच. भाग, वय, आजार, औषध, एवढंच.”

“मग मी जबाब कोणाचा घेऊ?”

“आजाराचा घ्या.”

हवालदारांना घेऊन हडपसर गाठले. त्या भागातल्या औषधाच्या दुकानात चौकशी केली. खाजेचे मलम सर्वाधिक कुठे जाते, ते दुकानदाराने हसत सांगितले. ती एक नवी गृहसंस्था होती. तिथल्या अध्यक्षांचा जबाब बागेतल्या बाकावर बसून घेतला. तो पुरा होईपर्यंत माझी मान पेटली होती. हातांवर गांधी उठल्या होत्या.

हवालदारांनी निरखून पाहिले. “साहेब, मावशींकडचं काही खाल्लंत का?”

मी वर पाहिले. डोक्यावर शेवगा होता आणि खोडाला केसाळ सुरवंटांचा जाड थर चिकटला होता. वाऱ्याबरोबर त्यांचे बारीक केस खाली बसलेल्याच्या अंगावर पडत होते. तडक कर्वेनगर गाठले. मांडव घातला होता त्या जागी शेवग्याचीच रांग, आणि प्रत्येक खोडावर तेच दृश्य. पंचांसमक्ष पंचनामा सुरू झाला.

“आरोपीला बेड्या कशा घालायच्या, साहेब?” हवालदार गंभीरपणे म्हणाले. “हात नाहीत, पाय पुष्कळ आहेत.”

पंच हसले. सचिव हसले नाहीत. ते खाजवत होते.

डॉक्टरांनी निष्कर्ष महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवला. बागांची फवारणी झाली, आणि इतर उपनगरांतल्या संस्थांनाही झाडे तपासण्याची सूचना गेली. संगणकात ‘पित्त झालं’ आणि ‘पित्त उठलं’ असे दोन वेगळे पर्याय आले. पुढच्या हंगामात दुसऱ्या पर्यायातल्या नोंदी एका उपनगरात वाढू लागताच तिथली झाडे वेळीच साफ झाली. ज्यांना खाज सुटलीच नाही, त्यांना यातले काही कळले नाही. सार्वजनिक आरोग्याचे यश असेच असते, असे डॉक्टर म्हणाल्या. गुन्हा न घडू देणाऱ्या पोलिसाचेही तसेच असते.

प्रयोगशाळेचा अहवाल निर्दोष आला. मावशींचे स्वयंपाकघर उघडले त्या दिवशी मी जबाबाची प्रत द्यायला गेलो होतो. आत चकल्यांचे सोरे फिरत होते आणि एकाच वेळी चौघी बोलत होत्या. सचिवांचा फोन नुकताच येऊन गेला होता. संस्थेला फराळ हवा होता.

“देणार?” मी विचारले.

“देणार की. पण सांगितलंय, शेवग्याखाली बसून खाल्लात तर जबाबदारी आमची नाही.”

त्यानंतर जबाब लिहून घेणाऱ्या प्रत्येक नव्या अंमलदाराला मी एकच गोष्ट बजावत आलो. माणूस जे सांगतो ते वाक्य पुरे लिहा. नाम सगळ्यांचे सारखे असते. काय घडले ते क्रियापदात असते.