तिथ सांग, मग सुकाणू धर

किस्से म्हणजे होडीच्या तळात साचणारं पाणी. कुठून येतं कळत नाही, पण अधूनमधून उपसावंच लागतं. आमच्या नवीन पनवेलच्या कंपूतले तिघं जमलो, की कुणीतरी उपसायला घेतोच. मग आमच्या बायका चहा ठेवायला म्हणून आत निघून जातात, कारण त्यांना सगळे पाठ आहेत! तुम्हाला नाहीत, म्हणून सांगतो.

नव्वदीच्या आसपासची गोष्ट. सेक्टरमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. मी तळोज्याच्या एका कारखान्यात, सबनीस बँकेत, फणसे कोर्टात कारकून. तिघांनाही पाण्याची भारी हौस. पोहता मात्र एकट्या फणसेला यायचं, तेही विहिरीत.

पनवेल बंदरावर आम्हाला हिराजीदादा भेटला. मुरलेला तांडेल, म्हणजे होडीवरचा कप्तानच. होडी त्याची, वल्ह्याची. आम्ही तिला एक सेकंडहँड इंजिन बसवून दिलं. करार सोपा होता. आठवडाभर तो मासेमारी करणार, रविवारी आम्ही मजा करणार. मजा म्हणजे काय, ते तुम्ही ओळखलंच असेल.

* * *

पहिल्याच रविवारी दादाला एका साखरपुड्याला जायचं होतं. "मी येतंव, तवर थांबा," एवढं सांगून गेला. आम्ही अर्थातच थांबलो नाही.

एका हातात बीअर आणि दुसऱ्या हातात सुकाणू घेऊन सबनीस म्हणाला, "त्यात काय एवढं? सरळच तर जायचंय!" आणि गेला की सरळ! खाडी तिथे वळत होती, एवढंच.

ओहोटी लागलेली. अर्ध्या तासात होडीखालचं पाणी निघून गेलं आणि आम्ही चिखलात बसलो. बंदर समोर दोनशे पावलांवर, पण उतरावं तर कंबरेपर्यंत गाळ. तिघांच्या बायका जेवणाचे डबे घेऊन बंदरावर आलेल्या. सबनीसवहिनींनी तिथूनच हाक मारून विचारलं, "अहो, पाणी किती वाजता येणार?"

आमच्या सेक्टरमध्ये हा प्रश्न रोजचाच होता. खाडीबद्दल मात्र तो पहिल्यांदाच निघाला! बायकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग डबे उघडले आणि आमच्या डोळ्यांदेखत सगळं संपवून घरी गेल्या.

संध्याकाळी दादा आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलला. "पिनं हे एक काम हाय, होरी चालवनं हे दुसरं. दोन कामांना दोन मानसां लागतान."

* * *

तेव्हापासून दादाची परीक्षा सुरू झाली. सुकाणूला हात लावायचा असेल, तर आधी आजची तिथी सांगायची, मग भरतीची वेळ. हिशोब खाडीवरच्या सगळ्यांना येतो. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. तोंडी! कागद-पेन्सिल चालायची नाही.

मला षष्ठी आली. मी ठामपणे म्हणालो, "साडेपाच."

"साडेचार," दादा म्हणाला. "किती घेतलीस?"

मी थेंबसुद्धा घेतला नव्हता. पण ते सांगायची लाज वाटली, म्हणून "दोन पेग" म्हणालो आणि गुपचूप मागे जाऊन बसलो.

सबनीसचं उलटं. बँकेतला माणूस! तीन पेग पोटात असताना दादाने दशमी विचारली, तर हा डोळे मिटून, "दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात!" दादाही चाट पडला.

मग म्हणाला, "डोकां चालतंय. आता पाय दाव." बंदराच्या पायरीवरून होडीत जायला एक फळी टाकलेली असायची. सबनीस तिच्यावरून तीन पावलं ऐटीत गेला आणि चौथं थेट गाळात! आम्ही त्याला ओढून वर काढलं. चष्मा पुसत तो म्हणाला, "उत्तर मात्र बरोबर होतं हं!"

त्यानंतर दादा तोंडाचा वासही घ्यायला लागला.

* * *

दादा पीत नसे असं मात्र समजू नका! चांगली प्यायचा, पण जमिनीवर. त्याचा वाटा आम्ही खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवायचो. ती दिवसभर होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी दोरीला लटकायची आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी जायची.

एकदा माझे सासरे पुण्याहून आले. कडक माणूस. सुपारीच्या खांडालाही व्यसन म्हणायचे. खाडीचा वारा लागला आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. समोर बाटली दिसली. आम्ही जाळ्यात गुंतलेलो. त्यांनी झाकणभर घेतलं. बरं वाटलं, म्हणून अजून एक. मग झाकण बाजूला ठेवलं.

खोकला थांबला आणि सासऱ्यांना कंठ फुटला. दोन नाट्यपदं झाली. मग उठले आणि म्हणाले, "सुकाणू इकडे दे! माझ्या जावयाची होडी आहे!"

"इंजिन जावयाचं हाय, खारी कोनाची?" दादा खाडीकडे हात करून म्हणाला आणि त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

पुण्याला परत गेल्यावर त्यांचं खुशालीचं पत्र आलं. शेवटी ताजा कलम होता : "त्या डॉक्टरांचं नाव कळवणे."

* * *

फणसेची गंमत वेगळीच. कोर्टातला माणूस, त्यामुळे कायद्याबाहेर घोट घेणार नाही. दारू प्यायचे परवाने त्याने आम्हा तिघांना काढायला लावले होते. वर प्लॅस्टिकचं कव्हर!

होडीवरून त्याचा दादाशी कायम वाद. "दादा, पिऊन चालवू नये हा कायदा मोटारीचा. मोटार रस्त्यावर. पाण्यात रस्ता कुठाय?"

"बुरायला कायदा लागत नाय," दादा म्हणायचा.

एकदा गस्तीची लाँच आडवी आली. हवालदाराने होडीचे कागद मागितले. होडीचे कागद घरी, पिण्याचे कागद तिघांच्या तीन खिशांत! फणसेने तेच अदबीने पुढे केले. हवालदाराने तिन्ही परवाने वाचले, तिन्ही तोंडांकडे बघितलं आणि विचारलं, "चालवतं कोण?"

आम्ही दादाकडे बोट केलं. हवालदार वाकला, दादाच्या तोंडाचा वास घेतला आणि परवाने परत देत म्हणाला, "याच्यामुळे सोडतो. याला जपा."

दादाच्या घरी जाऊन फणसेने होडीचा परवाना काढून बघितला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं, की चालवणारा नशेत सापडला तर परवाना रद्द. परवाना दादाच्या नावावर होता. फणसे त्यानंतर कधी वाद घालायला गेला नाही.

* * *

एवढी एकच गोष्ट हसण्यासारखी नाही. किनाऱ्याला लागलं की दादा दर वेळी आम्हाला मोजायचा. बोट दाखवून, मोठ्याने. एकदा मी चेष्टा केली, "दादा, तिघंच तर आहोत! किती वेळा मोजशील?"

तो दोरी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "जत्रंवरना येताना आमी सात होताव. सगले पिलेले. बंदराला लागून मोजलं, तवा सा. माजा धाकटा भाव."

मला फार वाईट वाटलं. हिशोब चुकला की "दोन पेग" म्हणायची खोटी सबब मी त्या दिवसापासून सोडली.

* * *

आता शेवटचा किस्सा. यातला गुन्हेगार मी आहे.

होडीच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. तपासणीला एक साहेब आले. इंजिनाचे कागद माझ्या नावावर, म्हणून मी रजा टाकून हजर. होडीत साहेब, दादा आणि मी, असे तिघंच. साहेब भला माणूस. लाइफ जॅकेटं मोजली, बुडत्याला फेकायचे हवेचे टायर दाबून बघितले, इंजिन ऐकलं. खाडीतली फेरी होत आली. फॉर्म भरून सही करायचं तेवढं राहिलं होतं.

दादाच्या घरून तळलेला जिताडा आला होता. साहेब खूश झाले, आणि मी अतिशहाणा! बर्फातल्या बीअरच्या बाटल्या बाहेर काढल्या. एक झाली, दोन झाल्या, तिसरीला साहेब उठले.

"लहानपणी आम्ही मुरूडला होड्या चालवल्यात! बाजूला हो, तांडेल."

दादा हलला नाही. "साहेब, आज कंची तिथ?"

"तिथीचा काय संबंध?"

"भरती कवा झाली, ता सांगा. मंग धरा."

"मी परीक्षा घ्यायला आलोय, द्यायला नाही!" साहेबांचा आवाज चढला. "सुकाणू दे, नाहीतर सही विसर!"

मी दादाला पायाने ढोसलं. दोन मिनिटं दे की बाबा! दादाने माझ्याकडे असं बघितलं, की मी पाय मागे घेतला. मग त्याने इंजिन बंद केलं, ते सुरू करायचं हँडल काढून बुडाखाली घेतलं आणि नांगर टाकला.

ओहोटीचं पाणी चाललंच होतं. बघता बघता होडी गाळात बसली. "आता सही द्या, नको द्या," दादा म्हणाला. "पानी आल्याबिगर कोनीच जात नाय."

साहेबांनी आधी आरडाओरडा केला, मग उरलेला मासा खाल्ला आणि मग ते झोपले. मी त्या कोऱ्या फॉर्मकडे बघत बसलो. परवाना गेला तर आमचा रविवार जाईल, पण दादाचं घर बाकीच्या सहा दिवसांवर चालत होतं. बाटली मी उघडली होती. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नाही.

साडेपाचच्या सुमाराला होडी हलली. साहेब उठले. खाडीचं पाणी तोंडावर मारलं. मग कुणी न विचारता म्हणाले, "द्वादशी. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. सकाळी नऊला भरती होती."

दादा त्यांच्याजवळ गेला. वाकून साहेबांच्या तोंडाचा वास घेतला. मग त्याने इंजिन चालू केलं, सुकाणूवरून उठला आणि म्हणाला, "धरा."

साहेबांनी होडी बंदराला आणली. अगदी सफाईने. उतरताना दादाने बोट दाखवून मोजलं, "एक, दोन, तीन."

साहेबांनी फॉर्म गुडघ्यावर घेतला, भराभरा लिहिलं, सही ठोकली, कागद माझ्या हातात दिला आणि रिक्षात बसले.

मी कागद वाचला. 'जीवरक्षक साधने' या रकान्यात लिहिलं होतं :

लाइफ जॅकेट – सहा. हवा भरलेले टायर – दोन. तांडेल – एक.