गाडी निवेपर्यंत

सिक्स्टन नूरबेरीला जेवायला बोलावलं की आधी त्याची बायको येते. गुनवोर बूट काढते, कोट टांगते, कॉफीचा पहिला कप संपवते, तरी नवऱ्याचा पत्ता नाही. गावात नवीन आलेलं कुणी असेल तर काळजीनं विचारतं, भांडण वगैरे झालंय का म्हणून. आम्हा जुन्यांना ठाऊक असतं, की सिक्स्टन बाहेर गाडीतच बसलाय, इंजिन चालू ठेवून, ते निवायची वाट बघत.

त्याचं म्हणणं साधं आहे. गाडीला जोर देणारं टर्बोचं चाक इंजिनाच्या धुरावर गरगर फिरतं आणि तापून लाल होतं. अशात एकदम किल्ली बंद केली की तेल जागच्या जागी थांबतं आणि करपतं. म्हणून पोचल्यावर थोडं थांबायचं. निघताना उलट, तेल गरम होईपर्यंत पाय हलका ठेवायचा. गाडी त्यानं तळहातावरच्या फोडासारखी जपलीय. तेल सांगितल्यापेक्षा कितीतरी आधी बदलतो, जुनं तेल बोटांत चोळून त्याचा वास घेतो. जन्मभर लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावली या माणसानं, पण त्यांच्याबद्दल एक शब्द कधी बोलला नाही. गुनवोर म्हणते, माझ्या रश्श्याचा वास त्यानं एवढ्या मायेनं एकदा घेतला असता तर मी धन्य झाले असते.

हे सगळं चालून गेलं असतं. पण इल्वा गाडीत जन्मली, तिथं घोडं पेंड खातं. गाडी तेव्हा नवीकोरी होती. फेब्रुवारीतली सकाळ, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, मागच्या सीटवर गुनवोरला कळा येतायत, आणि पुढे लाकडं भरलेला ट्रक रांगतोय. ओलांडायचा तर पाय दाबायला हवा. सिक्स्टन तेलाच्या काट्याकडे बघत म्हणाला, तेल अजून गार आहे. काटा वर येईपर्यंत पोरगी बाहेर आली होती, नदीच्या पुलाअलीकडेच. मायलेकी सुखरूप होत्या म्हणून हसण्यावारी गेलं, इतकंच. पोरीला शाळेत सगळे 'टर्बो' म्हणत. सिक्स्टनही हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे.

आता तीच इल्वा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा नवरा मातिस जहाजावर, दूर समुद्रात. जवळच्या गावातला बाळंतपणाचा विभाग कधीच बंद झाला होता, त्यामुळे जंगल ओलांडून पार किनाऱ्यापर्यंत जायला हवं होतं. इल्वानं आल्या आल्या बजावलं, की मी टॅक्सीनं जाणार. या गाडीत एकदा जन्मले, तेवढं पुष्कळ झालं.

सिक्स्टननं मान डोलावली. पण त्या दिवसापासून गाडीला इंजिन गरम ठेवायची वायर अखंड लावलेली. आम्ही इथं सगळेच थंडीत वायर लावतो, पण निघायच्या आधी, तासा-दोन तासांपुरती. याची चोवीस तास. शेजारचा एवाल्ड कुंपणावरून म्हणालाच, गाडी अंडी उबवणार आहे का? सिक्स्टन पॅंट घालूनच झोपायला लागला होता. गुनवोरनं ते पाहिलं आणि गाडीची किल्ली त्याच्या उशाशी ठेवली.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी बर्फाचं वादळ होतं. टॅक्सीवाल्यानं नाही म्हटलं. रुग्णवाहिका दुसऱ्या टोकाला गेली होती. इल्वा मुकाट्यानं मागच्या सीटवर बसली, आईचा हात धरून. आणि जंगलाच्या चढावर, नशीब बघा, पुढे लाकडांचा ट्रक.

सिक्स्टननं एकदा आरशात पाहिलं. मग पाय असा दाबला की टर्बोची शीळ सगळ्या गाडीभर झाली, आणि ट्रकनं उडवलेल्या बर्फातून ते पुढे निघाले.

कळ ओसरल्यावर इल्वानं विचारलं, "बाबा, तेल गरम झालंय ना?"

"तेल गेलं खड्ड्यात," सिक्स्टन म्हणाला.

सारा रस्ता त्यानं पाय उचलला नाही. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, त्यानं त्याच क्षणी किल्ली फिरवून काढली आणि लेकीला दंडाला धरून आत नेलं. कॉरिडॉरच्या मध्यावर इल्वा थबकली.

"बाबा, तू गाडी बंद केलीस?"

"केली. चल."

इल्वाला एकदम रडू फुटलं. नर्सला वाटलं कळ आली, तिनं पाठ चोळायला सुरुवात केली.

मुलगा झाला. रीतसर, पलंगावर. नातवाला बघून सिक्स्टन आणि गुनवोर खाली आली तोवर दुपार कलली होती, वादळही निवलं होतं. सिक्स्टननं किल्ली फिरवली आणि कान देऊन बसला. आवाज नेहमीचाच होता. उतरून मागे जाऊन बघितलं, निळा धूर नाही, काही नाही. तो परत येऊन बसला.

"बिघडलंय काही?" गुनवोरनं विचारलं.

"नाही."

"म्हणजे इल्वा जन्मली तेव्हाही पाय दाबला असतास तर काही बिघडलं नसतं." इतकी वर्षं ती हे हसत म्हणायची. आज हसली नाही.

सिक्स्टननं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. "नसतं," तो म्हणाला. "तू मागे ओरडत होतीस. मला वाटलं, तू मरतेयस. त्या काट्याकडे बघवत होतं गं, तुझ्याकडे बघवत नव्हतं."

गुनवोरनं पिशवीतला दालचिनीचा पाव काढला, मोडला आणि मोठा तुकडा त्याच्या हातात दिला. जंगलातून परतताना तो अगदी सावकाश चालवत होता, आणि एकदाही तिनं त्याला टोमणा मारला नाही.

घर आलं. सिक्स्टननं सवयीप्रमाणे इंजिन चालू ठेवलं आणि बायको उतरायची वाट बघितली. गुनवोर उतरली नाही. एवाल्ड खिडकीतून बघत होता. तो सगळ्या गावाला सांगत सुटला, की आता तिलाही लागण झाली. कॉफी राहिली बाजूला, गाडी निवेपर्यंत दोघं आतच बसून होती.