भरतेशची घड्याळं

भरतेशचं कौतुक ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतोय. होऊ दे. खोटं कशाला बोलू?

सख्ख्या चुलतभावाचा पोरगा, कवठे महांकाळचा. आठ वर्षं आमच्या घरी राहिला, सांगलीत माझ्या घड्याळाच्या दुकानात शिकला. हात असा थरथरायचा की साधा स्क्रू बसेना. कागदावर डायल तेवढ्या काढत बसायचा. एक दिवस म्हणालो, "गड्या, हे तुझं काम न्हाई." गेला. आता बेंगळुरात कंपन्यांसाठी लाखालाखाच्या घड्याळांची डिझाइनं काढतोय. आन मी? अजून सेल बदलतोय.

परवा दुपार कलल्यावर आला. माझ्या बायकोनं, कस्तुरीनं, लगेच शिरा केला. मला कवा केलावता आठवत न्हाई.

त्यानं तीन घड्याळं मांडली. "काका, कंपनीचा स्वभाव डायलवर दिसाय पायजे. ही पहिली कंपनी जुनी, अबोल. म्हणून एक बी आकडा न्हाई, नुसतं दोन बारीक काटे. ही दुसरी मिरवणारी. हिला जाड कडा, लाल काटा, लांबनं दिसाय पायजे. आन ही तिसरी एका जैन शेठजींची. नेमाची." तिच्या घड्याळाच्या डायलवर केशरी पट्टी होती, सूर्यास्ताप्रमाणं रोज सरकणारी. काटा पट्टीच्या टोकाला गेला की जेवण बंद.

कस्तुरी बी जैनाचा नेम पाळती, रात्री जेवत न्हाई. तिनं ते हातावर चढवलं. "आवं, किती गोड हाय!" सव्वीस वर्षांत माझ्या एका घड्याळाला असं म्हणली न्हाई बाई.

डोळ्याला भिंग लावलं, चूक हुडकायचीच म्हणून. आन घावली! कॅलेंडरात सूर्यास्त सहा बत्तीसला, पट्टीचं टोक पाच चव्वेचाळीसवर.

"अठ्ठेचाळीस मिनिटं चुकलंय!" मी वरडलो. लय बरं वाटलं. "एवढा मोठा डिझायनर, आन दिवस कवा मावळतो ठाऊक न्हाई व्हय रं?"

भरतेशच्या आधी कस्तुरीच बोलली. "चुकलं न्हाई. दिवस मावळायच्या दोन घटका आधी मी ताट उचलते. दोन घटका म्हंजे अठ्ठेचाळीस मिनिटंच की. लग्न होऊन आले तवापासनं."

मला ठाऊक नव्हतं. मी दुकान मिटून आठला जेवणारा. ती कवा जेवती, कधी इचारलंच न्हाई.

"तुला कुणी सांगितलं रं?"

"कुणी न्हाई, काका. तुमी मला दुकानातनं लवकर घालवायचा. काकूसंगं जेवायचो."

कस्तुरीनं हातावरचं घड्याळ बघितलं, काटा पट्टीच्या टोकाजवळ आलावता, आन उठली. "चल रं भरतेश, जेवायचा टाइम झाला."

आत जाऊन तिनं दोन ताटं वाढली.