आजचे मास्तर

आमच्या ड्रॉइंग मास्तरांच्या जिभेवर कायम रंग असायचा. कुंचल्याला टोक आणायला ते तो ओठांत फिरवत. त्यामुळे सोमवारी जीभ निळी, मंगळवारी हिरवी. पन्नासच्या दशकात चांदा जिल्ह्यातल्या वडशाच्या शाळेत दुसरं काही रंगीत नव्हतंच, म्हणून आम्ही उगाच प्रश्न विचारून जीभ बघून घ्यायचो.

‘आजचे मास्तर’ हे नाव त्यांना त्यांच्याच बोलण्यावरून पडलं. आधीच्या मास्तरांनी आम्हाला जुन्या राजांच्या तसबिरी आणि फुलदाण्या उतरवायला लावल्या होत्या. हे म्हणत, “जो आज जित्ता आहे अन् आज काढून राह्यला, त्याचं पाहा रे. मेलेला काय नवीन काढन?” अडचण एवढीच, की त्यांचा ‘आज’ मुंबईहून टपालाने यायचा, चांगला शिळा होऊन. पदरमोड करून ते एक मासिक मागवत. त्यातलं नव्या चित्रकाराचं रंगीत चित्र फळ्याला लावत, पोटभर पाहू देत आणि मग घडी घालून खिशात टाकत. “पाहून झालं? आता आपलं काढा.”

एकदा आलेल्या चित्रात घागरी घेतलेल्या बाया होत्या आणि प्रत्येकीच्या कडेला एक बारीक लाल रेघ. मास्तर हरखले. “नवी रीत आहे रे ही! वस्तूच्या बाजूले तिची लाल सावली!” झालं. आमच्या बैलांना, बंड्यांना म्हणजे बैलगाड्यांना, रचलेल्या धानाच्या पुंजण्यांना लाल कडा आल्या. मी वर्गाचा मॉनिटर, कुंचले मोजून देणारा-घेणारा. माझ्या कडा सगळ्यांत सरळ होत्या, कारण त्या मी पट्टीने आखल्या होत्या.

त्याच वर्षी हेडमास्तरांनी बजावलं, की चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, प्रदर्शनात शाळेचं एक तरी चित्र निवडलं गेलं पाहिजे. नाहीतर ड्रॉइंगचा तास गणिताला. मग मास्तरांचं काय, हे कोणी विचारलं नाही. मास्तरांनी स्वतः तर मुळीच नाही.

प्रदर्शनाला हेडमास्तरांसह आम्ही सगळे गेलो. तिथे नागपूरचे परीक्षक आमच्या चित्रांपुढे थबकले. “ही लाल कड कुठून आली?” मास्तरांनी अभिमानाने खिशातलं पान काढलं. परीक्षक हसले. “हे चित्र मी प्रत्यक्ष पाहिलंय, गुरुजी. त्यात अशी कड नाही. छापताना लाल रंगाचा ठसा जागेवरून सरकलाय.”

“म्हणजे छापखान्याची चूक शिकवून राह्यले तुम्ही?” हेडमास्तर म्हणाले. मास्तरांनी पान घडी घालून खिशात टाकलं आणि सवयीने ओठांवरून जीभ फिरवली. त्या दिवशी जीभ बिनरंगाची होती.

परीक्षक मात्र पुढे जाऊन पुन्हा थांबले. ते चित्र यमुनीचं, आमच्याच वर्गातल्या, एका मासेमार ढिवराच्या मुलीचं. तलाव, त्यात लाकडी डोंगा, जाळं टाकणारा तिचा बाप. काठावर कुठेही लाल कड नव्हती. पाण्यातल्या पडछाया तेवढ्या लाल कडेने दुहेरी झाल्या होत्या, त्याही थरथरत्या.

“कड फक्त पाण्यातच का गं?”

“जमिनीवर कुठी असते, जी?” यमुनी म्हणाली. “पाण्यातच तं सारं सरकते.”

चित्र निवडलं गेलं. तास राहिला, मास्तर राहिले. परतीच्या गाडीत त्यांना पुन्हा कंठ फुटला. “पाह्यलं? मासिक तिनंही पाह्यलं अन् तुम्हीही. पण तिनं मंग तलावाकडं पाह्यलं! अन् तू रे, मॉनिटर? पट्टी घेऊन बसला!”

पुढे निवृत्त होऊन ते गावी निघाले, तेव्हा वडशाच्या स्टेशनावर ते लाल कडांचं पान त्यांनी माझ्याच हातात ठेवलं. “यमुनीले काय गरज त्याची? तुले आहे.” गाडी हलली तरी ते खिडकीतून हसतच होते. जीभ जांभळी होती.

आता या वयातही मी नागपुरात एका छापखान्यात रंगांची तपासणी करतो. सरकलेल्या रंगाचा कागद रद्दीत, हा माझाच नियम आहे आणि तो मी मोडत नाही. फक्त रद्दीत टाकण्याआधी एकदा बघून घेतो, त्यात कुठे पाणी आहे का.