गोजरबाईच्या घरचे बारा रविवार

आमच्या वरवट बकालमध्ये गोजरबाईला लोक तोंडावरून कमी आणि हातांवरून जास्त ओळखतात. बाई साठी ओलांडलेली, अंगाने अगदी चिपाड, पण कोपरापर्यंतचे हात मात्र गडीमाणसाचे. त्या हातांवर ती खापरावरचे मांडे करते. तिंबून तिंबून सैल केलेल्या कणकेत पुरण भरायचं, जराशी लाटायची, आणि मग ती पोळी या हातावरून त्या हातावर टाकत, मनगटापासून कोपरापर्यंत नेत वाढवत जायची. शेवटी चुलीवरच्या पालथ्या खापरावर ती अशी सोडायची की कुठे घडी पडत नाही. तिच्या हातून मांडा फाटलेला मी पाहिला नाही. पस्तीस वर्षं शेजारीण आहे मी तिची. फाटला असता तर मीच पहिल्यांदा गावभर केलं असतं.

मी आहेच तशी. माझं नाव सत्यभामा, दहावीपर्यंत शिकलेली, घर खाऊनपिऊन सुखी, आणि तोंडाला कुलूप नाही. हे आधी सांगून टाकते, कारण गोजरबाईचं जे वाईट झालं ते माझ्या एका वाक्याने झालं.

तिचा नवरा लग्नानंतर नवव्या वर्षी वारला. मूलबाळ नाही. सासरच्यांनी गावाच्या कडेला दोन खोल्या दिल्या आणि जबाबदारी संपवली. रोजमजुरी सगळ्याच बायका करतात, तीही करायची. पण तिचं खरं जगणं मांड्यांच्या दिवशी. लग्न असो, जावई येवो, आदल्या दिवशीपासून ती त्या घरची. चुलीपुढे बसून महिनाभराचं साठवलेलं बोलून घ्यायची. कोणाची सून कशी, कोणाच्या म्हशीने लाथ मारली, सगळं. एकदा मी चिडवलं, की गोजरबाई, तुझं तोंड हातापेक्षा जास्त चालतं. ती म्हणाली, घरी भिंतीशी किती बोलू? आम्ही सगळ्या हसलो. आता ते हसणं आठवलं की मला माझाच राग येतो.

मागच्या दिवाळीनंतर तिचा धाकटा भाऊ कडूबा तिच्याकडे राहायला आला. बाहेरगावी कामाला असायचा, खोकून खोकून अर्धा झाला होता. घरात टीव्ही नाही म्हणून दुपारी आमच्याकडे येऊन बसायचा. दोन महिन्यांनी त्याला टीबी निघाला. सरकारी गोळ्या सुरू झाल्या, खोकला थांबला, अंग धरू लागला आणि तो आपल्या मुलाकडे निघून गेला. आजार त्याचा, पण त्या आजाराचं नाव मागे राहिलं ते गोजरबाईच्या घराला चिकटून.

आमच्या भागातली आशाताई पुष्पांजली, तिने नियमाप्रमाणे गोजरबाईची तपासणी करवली. हातावर कातडीत बारीक सुई टोचली आणि तिसऱ्या दिवशी पट्टी लावून मोजलं. हात चांगलाच फुगला होता. मग छातीचा फोटो काढला, तर तो स्वच्छ. खोकला नाही, ताप नाही, वजन होतं तेवढंच. तरी बारा आठवडे, दर रविवारी एकदा, मूठभर गोळ्या घ्यायच्या असं ठरलं.

सुई टोचल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला नळावर पाहिलं. कोपराखाली लालभडक फुगवटा, भोवती पेनाचा गोल. दुपारी भाऊराव पाटलांच्या घरी आम्ही बायका बसलो होतो. त्यांच्या मुलाचं लग्न पंधरा दिवसांवर होतं, मांड्यांसाठी गोजरबाईला सांगून झालं होतं. भाऊरावांची बायको सिंधूताई मला विचारू लागली, तिचं काय निघालं म्हणून. मला काही ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही असं म्हणायची मला सवय नाही.

मी म्हणाले, "हात फुगला तिचा. ज्या हातावर मांडा पसरते ना, त्याच हातावर निघालं."

एवढंच. बायकांचे चेहरे मला आजही दिसतात. प्रत्येकीने मनातल्या मनात आपल्या ताटातला मांडा पाहिला. संध्याकाळी सिंधूताईने गोजरबाईला निरोप पाठवला, की लग्नात पोळ्याच करायचं ठरलंय, तू त्रास घेऊ नको.

गोजरबाई भांडली नाही. तिने छातीचा तो काळा फोटो पिशवीत घातला आणि घरोघर निघाली. अंगणात उभी राहून फोटो उन्हाकडे धरायची आणि सांगायची, पाहा, डाग नाही. आम्ही माना वर करून पाहायचो. आम्हाला फासळ्या दिसायच्या. आमच्यापैकी कोणाला फोटोतलं काय कळतंय? आणि गावाचं गणित पक्कं होतं: छाती साफ आहे तर गोळ्या कशाला? गोळ्या आहेत म्हणजे आजार आहे. डॉक्टरने तिला समजावलं होतं म्हणे, पण ते तिला जसं कळलं तसं दुसऱ्याला सांगता येत नव्हतं. चार घरं फिरून ती फोटो घेऊन घरी गेली. मग तिने स्वतःच आपलं अंतर राखायला सुरुवात केली. नळावर सगळ्यांच्या शेवटी यायची. माझ्या ओट्यावर न बसता खाली पायरीपाशी उभी राहायची. मी कधी वर बस म्हटलं नाही.

मार्चमध्ये मी बुलढाण्याला भावाकडे गेले. मला साखरेचा त्रास आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईला दाखवते. बोलता बोलता कडूबा आमच्याकडे टीव्ही पाहायला बसायचा हे माझ्या तोंडून निघून गेलं. पुष्पांजलीने गावात विचारलं तेव्हा मी साफ नाही म्हणाले होते, आमच्या घरी कोणी येत नाही म्हणून. डॉक्टरीणबाईने सुई टोचली आणि तिसऱ्या दिवशी परत बोलावलं. ते तीन दिवस मी भावाच्या घरी लांब बाह्यांचं पोलकं घालून बसले. दुसऱ्या दिवशीच खाज सुटली. तिसऱ्या दिवशी माझा हात गोजरबाईच्या हातासारखा दिसत होता.

माझाही फोटो स्वच्छ आला. मी गावाचंच गणित डॉक्टरीणबाईपुढे मांडलं. ती हसली नाही. म्हणाली, बाई, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हात फुगला याचा अर्थ टीबीचा जंतू कधीतरी तुमच्या अंगात शिरला आणि अंगाने त्याला ओळखलं. फोटो साफ आणि काही त्रास नाही, याचा अर्थ त्या जंतूने आजार केलेला नाही. शेतात बी पडलंय, उगवलेलं नाही. असा माणूस कोणाला आजार देत नाही. त्याच्या ताटात जेवा, शेजारी झोपा. असे लोक आपल्याकडे घरोघरी आहेत, फक्त तपासलेले नाहीत. बहुतेकांचं बी कधीच उगवत नाही. पण तुम्हाला साखर आहे, तुमच्यात उगवायची भीती जास्त. म्हणून आत्ताच गोळ्या घ्यायच्या. मी विचारलं, गोळ्या संपल्यावर परत सुई टोचली तर हात साधा राहील ना? ती म्हणाली, नाही, हात बहुतेक फुगेलच. अंगाला झालेली ओळख सहसा पुसत नाही. म्हणून परत टोचून पाहायचं नसतं.

घाटाखाली उतरणाऱ्या एसटीत बसून मी हे सगळं मनात घोळवत होते. मला सगळं समजलं होतं. आणि समजलेलं गावात कोणालाही सांगायचं नाही, हेही मी खामगाव यायच्या आत ठरवून टाकलं होतं. माझ्या अश्विनीचं लग्न मागच्या वर्षी झालेलं. यंदा अधिक महिना, म्हणजे जावयाचा पहिला धोंडा. सासूच्या हातावर निघालं, असं त्यांच्या घरी गेलं तर?

गोजरबाईसारख्या माझ्या गोळ्याही पुष्पांजलीच दर रविवारी घरी आणून देणार होती. ती पिशवी घेऊन माझ्या दारात आली की गल्लीला कळणार. म्हणून मी तिला म्हटलं, मी गोजरबाईकडे येऊन घेत जाईन. आणि पहिल्या रविवारी दुपारी, गल्लीत कोणी नाही असं पाहून, मी त्या घरात शिरले. कितीतरी दिवसांनी.

गोजरबाईला मी हात दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. मला वाटलं आता ऐकवेल, आणि ऐकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "भेऊ नोको. काई नाई होत. मले पह्यले लई भेव वाटलं, कोणी सांगाले नव्हतं."

मी म्हटलं, "कोणाले सांगू नोको, गोजरबाई. अश्विनीचा धोंडा आहे."

"नाई सांगत," ती म्हणाली. आणि तिने चहा ठेवला.

त्या गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नसतात. म्हणून दर रविवारी ती काहीतरी करून ठेवायची, भाकर, पिठलं, एखाद्या वेळी नुसता भात. आम्ही जेवायचो, गोळ्या घ्यायचो, लघवी लाल होते त्यावर दोघी हसायचो. ती आठवडाभराचं बोलून घ्यायची. मी डॉक्टरीणबाईने सांगितलेलं तिला समजावलं. परत सुई टोचून साधा हात गावाला दाखवावा, असं तिच्या मनात होतं. ते होणार नाही हे कळल्यावर ती म्हणाली, तिच्या गोळ्या धोंड्याच्या महिन्याआधी संपतात, पुष्पांजली घरी यायची बंद झाली की लोकांना आपोआप कळेल. धोंड्यात तर गावात घरोघर मांडे लागतात. "धोंड्यात तरी बोलावतीन मले," असं ती रविवारच्या रविवारी म्हणायची. तिची पाचवी खेप होती तेव्हा माझी पहिली. हा हिशोब आम्हा दोघींना येत होता, पण त्याचा अर्थ तेव्हा एकीच्याही लक्षात आला नाही.

अधिक महिना लागायच्या आदल्या रविवारी तिच्या बारा खेपा झाल्या. माझ्या चार राहिल्या. पुष्पांजली पुढच्या रविवारीही पिशवी घेऊन गोजरबाईच्याच घरात शिरली, आणि त्याच्या पुढच्याही. गावाने ते पाहिलं. नळावर बायका बोलू लागल्या: बारा आठवड्यांच्या गोळ्या म्हणे, अजून चालूच आहेत, गेलं नसेल तिचं. मी तिथेच होते. माझी घागर भरत होती. मी घागर उचलली आणि घरी आले.

त्या महिन्यात तिला एकाही घरून बोलावणं आलं नाही.

माझ्याही नाही. माझी जाऊ म्हणाली, मांड्यांना संग्रामपूरकडची एक बाई आहे, तिला सांगू. माझ्या तोंडाशी आलं होतं, की गोळ्या माझ्या आहेत, गोजरबाईच्या नाहीत. गावभर चालणारं हे तोंड तेव्हा मिटलेलं राहिलं. बाई आली, मांडे झाले, आंब्याचा रस झाला, जावयाचा मान झाला. दुपारी मी एक ताट झाकून गोजरबाईकडे नेलं. तिने मांड्याचा पदर बोटाने उचलून उजेडात धरला, तो फोटो धरायची तसाच. म्हणाली, कणीक कमी तिंबली. मग ताटापुढे बसून तिने तो सगळा मांडा खाल्ला.

माझा बारावा रविवार धोंड्याच्या महिन्यातच आला. मी गेले तर चूल पेटलेली, वर खापर पालथं. तिने दोन मांडे केले. कितीतरी महिन्यांनी मी तिचे हात चालताना पाहत होते. ज्या जागी पेनाचा गोल होता तिथून मांडा सरकत कोपरापर्यंत गेला आणि खापरावर उतरला. पहिला तिने माझ्या ताटात वाढला. साखर आहे तुले, अर्धाच खा, म्हणाली. मी सगळा खाल्ला. शेवटच्या गोळ्या गिळल्या.

"बारा झाल्या ना बराबर?" तिने विचारलं.

"हाव."

"मंग आता रविवारी येणं नाई तुह्यं."

मी येईन म्हटलं. तिला ते खरं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. तिने आपलं ताट घेतलं आणि उंबऱ्यापाशी, माझ्यापासून पाच-सहा हात लांब, जाऊन बसली. मी म्हटलं, गोजरबाई, इकडे बस. तुले काई नाई, मले काई नाई.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "पण सवय पडली वो."

मी हात धुतले. निघताना सवयीने आधी दारातून गल्लीत डोकावून पाहिलं, कोणी आहे का. ती माझ्याकडे पाहत होती. गल्लीत कोणी नव्हतं, म्हणून मी बाहेर पडले.

पुढचा धोंडा तीन वर्षांनी येतो. तोवर तिचे हात कसे राहतील कोणास ठाऊक. हे सगळं मी वहीत लिहिलंय ते सिंधूताईला वाचून दाखवायला. वही तीनदा काखेत मारून निघाले, आणि तीनदा पाटलांच्या फाटकावरून परत आले.