गोल पाच

राघवेंद्ररावांचा हात देखणा होता. उस्मानाबादेत रस्त्यांच्या कचेरीत ते नकाशे काढत. रस्त्याची मधली रेघ, तिचे चढउतार, कडेच्या दगडांची उंची, सगळं अशा सुबक अक्षरात की पाहणाऱ्यानं रस्ता विसरून अक्षरच बघत बसावं. पण ते वळण निजामाच्या शाळेत घोटलेलं. विलीनीकरण झालं, दफ्तर बदललं, राज्य एकदा सोडून दोनदा बदललं. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या बोटांना मात्र कुणी हुकूम धाडला नाही. उर्दूतला पाच गोल असतो, खाली जरासा दबलेला. घाईत काढला की शून्यच. राघवेंद्ररावांनी नवे आकडे बसवून घेतले होते आणि एरवी ते चुकत नसत.

नळदुर्गच्या बाजाररस्त्याच्या नकाशात चुकले. घरी बायको शारदाबाई तापानं फणफणलेल्या, वर साहेबांचा तगादा. एका ठिकाणी कडेच्या दगडाची उंची पाच इंच लिहिताना बोटं जुन्या वळणावर गेली. जिथं बैलगाड्या आत वळतात तिथं दगड रस्त्याच्या बरोबरीनं बसवतात, म्हणून तिथं शून्य लिहितात. अशाच शून्यांच्या शेजारी हा गोल पाच जाऊन बसला.

कामावरचा मुकादम रेवणसिद्ध उर्दू शाळेतच चार बुकं शिकलेला. त्यानं पाच वाचला आणि उंच दगड बसवून घेतले. तपासणीला आलेल्या नव्या इंजिनिअरसाहेबांनी शून्य वाचलं. झालं! नकाशात नसलेले दगड लावून मुकादमानं ठेकेदाराचं घर भरलं, असा ठपका आला. त्याला कामावरून काढायचं ठरलं.

हे कळलं आणि साहेबांकडे जाऊन चूक कबूल करायचं राघवेंद्ररावांनी घरी बोलून दाखवलं. गप्प राहिले असते तर त्यांना कोण विचारणार होतं? शारदाबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "तुम्ही मधे पडू नका हो. आपल्याला कुणाचा आधार आहे?" बाईंचं काही चूक नव्हतं. दुसरा कुणी असता तर ऐकून कूस बदलून झोपला असता. हे गेले.

"साहेब, तो पाच आहे. मी जुन्या पद्धतीनं लिहिला. मुकादमानं बरोबर वाचलं."

साहेबांनी मूळ नकाशा मागवून टेबलावर पसरला. "दाखवा. यातला पाच कुठला?"

राघवेंद्रराव म्हणाले, "शिंप्याच्या दुकानापुढं गाडी वळत नाही, तेव्हा तिथं..."

"दुकान नको. आकडा दाखवा."

ते वाकले. चष्मा पुसला, पुन्हा वाकले. ओळीत सगळेच गोल. खालचा दाब कुठंच दिसेना, आणि नीट पाहिलं तर सगळ्यांतच असल्यासारखा वाटे. आयुष्यभर ज्या अक्षरावर भाकरी खाल्ली, ते त्यांचं त्यांना वाचता येईना. दाराशी रेवणसिद्ध डोळ्यांत जीव आणून उभा होता. शेवटी जागेच्या अंदाजानं त्यांनी एकावर बोट ठेवलं.

"आणि शेजारचा?"

"ते शून्य."

"फरक सांगा."

राघवेंद्ररावांनी बोट एका गोलावरून दुसऱ्यावर नेलं आणि परत आणलं.

"मग तुमच्या आजवरच्या नकाशांत पाच कुठले आणि शून्यं कुठली, हे मी कुणाला विचारू?" साहेब आवाज न चढवता म्हणाले. मुकादमाला दिलेला हुकूम कायम राहिला. त्याच्याखाली राघवेंद्ररावांचं नाव चढलं.

व्हरांड्यात दोघं समोरासमोर आले. मुकादमाची नजर चुकवत राघवेंद्रराव कसेबसे म्हणाले, "रेवणसिद्ध, तू बरोबर वाचलं होतंस. देवाशपथ सांगतो."

"व्हय, मालक. बराबर वाचलं म्हनूनच बुडालो," रेवणसिद्ध म्हणाला. "न्हाय वाचता आलं असतं, तर साहेबाला इचारलं असतं. आज तुमी बी कामावर असता आन् म्या बी."